उन्हाळी राजदूत

जिनिव्हात उन्हाळा आला, हे सरोवरातल्या कारंज्यावरून कळत नाही. वारा फार नसेल तर ते थंडीतही सेकंदाला 500 लिटर पाणी 140 मीटर उंच फेकत उभं असतं. उन्हाळा कळतो तो 15 नंबरच्या ट्राममध्ये. जूनमधल्या एखाद्या सकाळी कॉर्नाव्हाँ स्टेशनवर ट्रामचं दार उघडतं आणि नव्या सुटातली, नव्या बुटातली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण पोरांची एक पलटण आत शिरते. संयुक्त राष्ट्रांत ज्यांची नोकरी पक्की असते, ती माणसं ओळखपत्र खिशात ठेवतात आणि सुती शर्टावर भागवतात. भर उन्हात टाय आणि वर ओळखपत्र, असा योग जुळून आला की खुशाल समजावं, हा इंटर्न. त्याच्या सॅकमधून बाकरवडीचा वास आला, तर हा आपला इंटर्न.

आपला इंटर्न माझ्या ओळखीचा असावा लागत नाही. मी इथे बरीच वर्षं राहते, एवढं पुण्या-ठाण्याच्या लोकांना पुरतं. आधी फोन येतो. "अगं, आमच्या नणंदेचा धाकटा यूएनला लागलाय. तुझ्याकडे पाठवतेय. घरचाच समज." मग रविवारी हा दारात उभा. रविवारीच येतो, कारण इथली दुकानं रविवारी बंद असतात हे त्याला त्याच दिवशी कळलेलं असतं. वाकून नमस्कार, बाकरवडीचा पुडा, आणि दुसऱ्याच वाक्याला, "काकू, एक छोटा कुकर मिळेल का? तीनच महिन्यांसाठी." माझा छोटा कुकर आजवर इतक्या खोल्यांत राहून आलाय, की त्याला स्विस सरकारने रहिवासाचा परवाना द्यायला हरकत नाही.

"काय काम असतं रे तुला?" असं विचारलं की पहिल्या चहाला जागतिक शांतता, मानवी हक्क आणि शाश्वत विकास निघतो. दुसऱ्या चहाला खरं काम बाहेर येतं. सभागृहात मागच्या रांगेत बसायचं, कोण काय बोललं ते टिपायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं एक पान करून साहेबांना पाठवायचं. मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाला मोजकाच वेळ मिळतो. तो संपला की माइक बंद. त्यात सभागृहाचं छत असं, की नजर खाली ठरत नाही. मिकेल बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराने गुहेत लोंबतात तसे रंगीबेरंगी सुळके तिथे करून ठेवलेत. 2008 सालचं काम आहे. त्याखाली बसून आलेला आपला इंटर्न रात्री मला सांगतो, "काकू, आज मी चाड आणि चिली केलं." सांगण्याचा थाट असा, की दोन्ही देश काबीज करून आलाय.

पगाराचं विचारलं की मात्र तो खिडकीबाहेर बघतो. जिनिव्हाच्या मतदारांनी 2020 साली किमान वेतन ठरवून घेतलं, तासाला 23 फ्रँक. पुढे तो आकडा वाढलाच. फ्रँकचे साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे हॉटेलात बश्या विसळणाऱ्यालाही तासाला दोन हजारांच्या वर. पॅले दे नास्यों, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या मुख्यालयाच्या फाटकाच्या आत मात्र हा नियम पोचत नाही. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय इंटर्नला छदामही देत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना देते, जागतिक आरोग्य संघटनाही 2020 पासून देऊ लागली. त्यामुळे इंटर्न लोकांतही दोन जाती पडल्या आहेत, पगारी आणि प्रतिष्ठित. 2015 साली न्यूझीलंडच्या एका इंटर्नने भाडं परवडत नाही म्हणून सरोवराकाठी तंबू ठोकला, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. या प्रश्नाकडे लोकांचं लक्ष जावं हाही हेतू होता, असं त्याने नंतर सांगितलं. आपल्या इंटर्नवर तंबूची वेळ येत नाही, कारण त्याला बाबा असतात. एक पलंग, एक टेबल आणि उघडलं की पलंगाला अडणारं कपाट, एवढ्या खोलीचे महिन्याला हजारेक फ्रँक बाबा बिनबोभाट भरतात. संयुक्त राष्ट्रांना वर्गणी देणाऱ्या देशांची यादी निघते, तीत कोथरूडच्या बाबांचं नाव कधी येत नाही. वास्तविक बाबा पैसे वेळेवर देतात आणि व्हेटोही मागत नाहीत.

पहिला आठवडा तो प्रत्येक गोष्टीला शंभराने गुणतो आणि उपाशी राहतो. दुसऱ्या आठवड्यात त्याला साइड इव्हेंटचा शोध लागतो. परिषदेचं अधिवेशन चालू असलं की दुपारच्या सुट्टीत लहान-लहान खोल्यांत चर्चा भरतात आणि काहींच्या दाराशी सँडविचचे ट्रे मांडलेले असतात. कुठे काय मिळतं याचं इंटर्न लोकांचं आपसांतलं हेरखातं कुठल्याही दूतावासाहून तत्पर आहे. "हवामानबदलाला व्हेज मिळतं काकू, निःशस्त्रीकरणाला नुसती कॉफी." तो दाराजवळची खुर्ची धरतो, आधी एक प्रश्न विचारतो, मग ट्रेकडे वळतो, म्हणजे खाल्लेलं हक्काचं होतं. संध्याकाळी कुठल्या तरी देशाचा राष्ट्रीय दिन असतोच. पाणी रस्त्यावरच्या कारंज्यांना फुकट आणि गार. उरली भाजी. शनिवारी तो 17 नंबरच्या ट्रामने फ्रान्समधल्या आनमासला जातो आणि कांदे-बटाटे घेऊन स्वित्झर्लंडला परत येतो. भाजीपिशवी घेऊन आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणारा हा त्याच्या घराण्यातला पहिलाच.

महिन्याभरात त्याला ठरावांची भाषा बाधते. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "डाळ खात जा रे रोज." हा म्हणतो, "तुझ्या सूचनेचं मी स्वागत करतो." "स्वागत नको, डाळ खा!" मागे बाबांचा आणि आईचा टीव्हीच्या आवाजावरून खटका उडतो, तर हा इकडून आवाहन करतो, "दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा." बाबा म्हणतात, "मी संयमच बाळगतोय, पैसे पाठवलेत." पॅलेच्या बागेत मोर मोकळे फिरतात. एकदा एक मोर त्याच्या खिडकीखाली पिसारा फुलवून उभा राहिला. याने लगेच आईला फोटो पाठवला. आईचं उत्तर आलं, "मोरच बघायचे होते तर मोराची चिंचोली काय वाईट होती?"

ऑगस्ट लागला की साहेब रजेवर जातात. साहेबांचे साहेब आधीच गेलेले असतात. मजल्यावर आपला इंटर्न, एक छपाईयंत्र आणि प्रत्येक ईमेलला येणारं "मी सप्टेंबरमध्ये परतेन" असं स्वयंचलित उत्तर, एवढेच उरतात. मग तो पाकीच्या घाटावर दोन फ्रँक देऊन सरोवरात डुंबतो, आणि सकाळी जिनिव्हा विद्यापीठाच्या उन्हाळी फ्रेंच वर्गाला जातो. विद्यापीठ 1559 सालचं, काल्व्हिनने काढलेलं. समोरच्या बागेत खुद्द काल्व्हिन आणखी तीन धर्मसुधारकांसह पाच मीटर उंच दगडी पुतळा होऊन उभा आहे. चौघांच्याही चेहऱ्यावर हसायला बंदी आहे. पुण्यात फ्रेंचची बी-वन पातळी करून आलेला आपला इंटर्न या वर्गात क्रियापदांची अवघडातली अवघड रूपं शिकतो. कार्यालयात ती लागत नाहीत, तिथे सगळं इंग्रजीत. लागतात ती तळघरात.

तळघरात इमारतीचं सामायिक धुलाईयंत्र असतं. दारावर तक्ता, प्रत्येक खोलीला वार आणि वेळ ठरलेली, आणि रविवार कोरा. कोरा म्हणजे मोकळा, असं समजून याने एका रविवारी सगळे शर्ट यंत्रात कोंबले. अर्ध्या तासाने खाली गेला तर यंत्र बंद, शर्ट निळ्या टबमध्ये निथळत पडलेले, आणि शेजारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन इमारतीची देखभाल करणाऱ्या पोर्तुगीज काँसिएर्जबाई. याने जिन्यातच वाक्य जुळवलं होतं. "मी हे कपडे धुणे आवश्यक असल्यामुळे" असं काहीसं, सगळी अवघड रूपं जागच्या जागी. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एका नामाचं लिंग दुरुस्त केलं, तक्त्यावरच्या रविवारावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "नों, मस्यू." टब त्याच्या हातात दिला. बाई तरुणपणी इथे आल्या, फ्रेंच जिने पुसता पुसता शिकल्या. सोमवारी हा ओलसर शर्ट घालून पाण्याच्या हक्कावरच्या चर्चेला गेला.

सप्टेंबरात तो परत जातो. त्याआधी पॅलेसमोरच्या चौकातल्या तीन पायांच्या प्रचंड लाकडी खुर्चीखाली हाताची घडी घालून फोटो होतो. भूसुरुंगांविरुद्ध 1997 साली उभारलेली ही 12 मीटरची खुर्ची उन्हाळाभर हेच करत असते. फोटो लिंक्डइनवर चढतो. खाली तीन परिच्छेद, त्यात "विनम्र" हा शब्द दोनदा. तळघराचा उल्लेख नाही.

हसण्यासारखं त्याच्यात पुष्कळ आहे, पण तो काहीच शिकत नाही असं मी म्हणणार नाही. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन बाजूंचं म्हणणं शांतपणे ऐकून, कुणाच्याही तोंडी नसलेला शब्द न घालता, एका पानात मांडणं त्याला जमायला लागतं. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हे किती जणांना जमतं? माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. निवडीचं पत्र हातात असूनही जे येऊ शकले नाहीत, त्यांना मी कधी कुकर दिलेला नाही, आणि जगातल्या गरिबांच्या हक्कांची टिपणं मात्र तीन महिने बिनपगारी राहणं ज्यांच्या घरी परवडतं त्यांचीच मुलं काढतात. तेव्हा तुमच्या घरातला कुणी इकडे यायचं म्हणत असेल, तर त्याला पगार देणाऱ्या संस्थांकडे आधी अर्ज करायला लावा, खोली हिवाळ्यातच शोधायला सांगा, आणि "यूएनला लागला" असं पेढे वाटून सांगण्यापूर्वी पैसे कोण कोणाला देणार आहे, तेवढं एकदा विचारून घ्या.