बाहेर कशाला द्यायचं?

"बाहेर कशाला द्यायचं?" हा प्रश्न ज्यांच्या मुखातून निघताच घरातील स्त्रिया मुकाट्याने दुधाची पातेली आवरू लागतात, त्या गृहस्थांचा परिचय वाचकांना नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही, प्रत्येक गल्लीला एक मारुती, एक जुने भांडण आणि असा एक गृहस्थ असतोच. लातुरात गंजगोलाईच्या अलीकडे आमची जी गल्ली आहे, तिच्या वाट्याला पेशकारसाहेब आले. उमेदीचा काळ नांदेड जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांत काढून ते सेवानिवृत्त झाले. कचेरी सुटली, परंतु कचेरीची भाषा सुटली नाही, त्यामुळे ते नळ दुरुस्त करीत नाहीत, गळतीचा पंचनामा करतात, जुना वायसर मुद्देमाल म्हणून जप्त करतात, आणि नळ पूर्वीपेक्षा अधिक गळू लागला म्हणजे प्रकरण फेरतपासणीस ठेवतात.

त्यातही त्यांचा विशेष अधिकार मुठींवर. पोरांच्या बॅटीला रबरी ग्रिप चढवायची असली तर खेळाच्या सामानाच्या दुकानात ती लाकडी शंकूवरून सरकवून चहा येण्यापूर्वी चढवून देतात. पेशकारसाहेबांना त्याच कामासाठी सायकलची ट्यूब, काकूंची टाल्कम पावडर आणि संबंध रविवार लागतो. नांदेडच्या जावयांच्या बॅडमिंटन रॅकेटीवर त्यांनी एवढे थर गुंडाळले, की त्या सज्जनांना ती दोन्ही हातांनी धरावी लागू लागली; जावई वजिराबादेतून गुपचूप दुसरी रॅकेट घेऊन आले आणि सासरे यायचे म्हणजे तेवढ्यापुरती पहिली भिंतीवर टांगू लागले.

अशा स्थितीत पुण्याचा भाचा सुट्टीला आला, तो गोल्फच्या काठ्यांची पिशवी घेऊन. ह्या खेळाचा क्लब कलकत्त्याला 1829 सालीच निघाला होता; परंतु त्याची काठी आमच्या गल्लीपर्यंत पोहोचण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. काठ्यांच्या रबरी मुठी घामाने गुळगुळीत झाल्या होत्या आणि पुण्यात त्या बदलून देणारा दर मुठीमागे पैसे मागतो, एवढे भाच्याने सांगितले मात्र, पेशकारसाहेबांचे डोळे लकाकले. "बाहेर कशाला द्यायचं?"

पिशवीत चौदाहून अधिक काठ्या बाळगण्यास नियमाची मनाई आहे, हे ऐकून त्यांना त्या खेळाविषयी आदर वाटला. ज्या खेळात काठ्यांचीही मोजदाद होते, तो बेशिस्त लोकांचा नसावा. मग ओसरीवर दरबार भरला. जुन्या मुठीला अंगापासून दूर पाते चालवून उभी चीर द्यायची, खालची वाळकी चिकटपट्टी खरवडून काढायची, पोलादी दांड्यावर दोन्ही अंगांनी चिकटणारी नवी पट्टी लावायची, नव्या मुठीच्या बुडाचे भोक बोटाने बुजवून आत टर्पेंटाइन ओतायचे, तेच पट्टीवर शिंपडायचे, आणि ओली पट्टी निसरडी आहे तोवर मूठ एका दमात शेवटपर्यंत रेटायची. पुढे ओल उडाली की पट्टी मूठ पकडते. भोक बुजविण्याची तैनात माझ्याकडे होती, आणि त्या अंगठ्याच्या वासामुळे त्या दिवशी मला घरात वेगळे पान वाढण्यात आले.

सर्व विधी यथासांग होता. खोट फक्त काटकसरीची. टर्पेंटाइन विकत आणलेले असल्यामुळे त्यांनी पहिल्या मुठीला बाटलीच्या टोपणाने मोजून दिले, आणि मूठ अर्ध्या वाटेवर अशी बसली की भाचा काठी ओढतो आहे, पेशकारसाहेब मूठ रेटताहेत आणि काकू दोघांच्या मध्ये येणारी पाण्याची घागर हलवताहेत, असा देखावा उभा राहिला. अखेर ती नवीकोरी मूठ चिरूनच काढावी लागली. "कार्यवाही तहकूब," असे म्हणून त्यांनी पुढच्या मुठीत अर्धी वाटी ओतली. ती अलगद चढली, सगळ्यांनी वाहवा केली, आणि सकाळी भाच्याने गच्चीवर जाऊन मोठ्या डौलाने काठी फिरवली, तेव्हा आतली ओल पुरती उडालेली नसल्यामुळे मूठ त्याच्या हातात राहिली आणि काठी कुलकर्णीकाकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडली. भाचा उरलेल्या काठ्या घेऊन दुपारच्या गाडीने पुण्यास रवाना झाला. कुरडयांचा पंचनामा मात्र झाला नाही. कुलकर्णीकाकू फिर्याद तोंडीच देतात.

इतके असूनही हा मनुष्य मला सर्वस्वी टाकाऊ ठरविता येत नाही, ह्याचा दोष 2016 च्या उन्हाळ्याकडे जातो. मांजरा धरण आटले होते, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला होता, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी आमच्या गावी आली, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. गाडीपासून घरापर्यंतचा प्रवास बादलीचा होता, आणि त्याचे छायाचित्र कोणी घेतले नाही. टँकरपाशी ताटकळून भरलेली बादली न्यायची, तर तिच्या कडीवरची प्लॅस्टिकची नळी केव्हाच फुटून गेलेली; उघडी तार तळव्यात रुतायची, आणि सातवी-आठवीतल्या मुलींच्या हातांवर तिचे तांबडे वळ उठलेले असायचे. पेशकारसाहेबांनी ते वळ पाहिले आणि ट्यूब कापायला घेतली. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, ताणून गुंडाळलेल्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला, शेवटचे टोक आत खोवून वर मेणाच्या दोऱ्याची गाठ. साऱ्या गल्लीच्या बादल्या त्यांच्या ओसरीवर रांगेत लागल्या, आणि "बाहेर कशाला द्यायचं?" हा प्रश्न त्या दिवसांत गल्लीने, बहुधा प्रथमच, त्यांच्या बाजूने विचारला.

आमच्याही दोन बादल्या त्यांत होत्या. एकीची पट्टी चवथ्या खेपेलाच सुटली. दुसरीची आजतागायत सुटलेली नाही. पुष्कळ दिवसांनी मी ह्या दुसरीबद्दल अभिनंदन करू लागलो, तेव्हा पेशकारसाहेबांनी चष्मा काढला, वेढे निरखले, गाठीवरून अंगठा फिरवला आणि आयुष्यात केव्हाही अपील न ऐकलेल्या अधिकाऱ्याच्या स्वरात निवाडा दिला, "ही आमची नव्हे. रात्री आम्ही निजल्यावर हिनं बसून केलेल्या, त्यातली आहे." स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, सुटलेली असेल ती इकडे पाठवून द्या, बाहेर कशाला द्यायची!