परसातले तेजोमेघ

हबलने तेजोमेघांचे इतके देखणे फोटो काढून ते जगाला फुकट वाटलेले असताना रात्र-रात्र परसात दुर्बीण लावून बसायची गरज काय, हा प्रश्न बहुधा घरातूनच येतो आणि बाहेर थंडी असल्यामुळे बिनतोडही वाटतो. माझे म्हणणे उलटे आहे. हा उद्योग मुळात परसातलाच. हबल त्यात मागाहून आलेली पाहुणी. तेजोमेघाचा पहिला फोटो 30 सप्टेंबर 1880 रोजी हेन्री ड्रेपर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने काढला, तोही घरच्या जागेत बांधलेल्या वेधशाळेतून. मृगातल्या त्या तेजोमेघासाठी त्याला 51 मिनिटे प्रकाश साठवावा लागला. 1883 मध्ये लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमनने घरच्या बागेतल्या 36 इंची दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचा फोटो काढला, तर डोळ्याला कधी न दिसलेले तारे त्यात उमटले. कॉमनचा पेशा सांडपाण्याच्या व्यवस्थेचा. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मात्र नाक न मुरडता त्याला 1884 चे सुवर्णपदक दिले.

ते जुने झाले, आता काय, असे कोणी म्हणेल. 2004 च्या जानेवारीत केंटकीतल्या जे मॅकनील या हौशी माणसाला घराच्या परसातून, 3 इंची दुर्बिणीने काढलेल्या फोटोत एक अनोळखी धुरकट ठिपका दिसला. एक बालतारा अचानक उजळल्याने भोवतालचा मेघ प्रकाशला होता. मोठ्या दुर्बिणी तेव्हाही होत्याच, पण त्यांना मान वळवायलाही समितीची मंजुरी लागते, आणि दिसतो तो आभाळाचा चिमूटभर तुकडा. मृगातला अख्खा तेजोमेघ दाखवायला हबलला 520 फोटो जोडावे लागले. परसातली छोटी दुर्बीण तो एकाच चौकटीत बसवते.

रंग खोटे असतात, हा आक्षेप सुशिक्षितांचा लाडका. अंधुक उजेडात रंग ओळखणे डोळाच सोडून देतो. हायड्रोजन 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश खरोखरच सोडतो, तो दिसत नाही हा डोळ्याचा दोष. उलट हबलच्या प्रसिद्ध रंगसंगतीत हाच हायड्रोजन हिरवा दाखवतात. ठपका ठेवायचाच तर तिथून सुरुवात करावी.

शहरी उजेडाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. अरुंद पट्ट्याचा फिल्टर बराच उजेड अडवतो, पण एलईडीचा पांढरा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, त्यातला थोडा आत शिरतोच. मग शेकडो फोटो एकावर एक रचून खरखर कमी करायची. ती वर्गमुळाच्या हिशेबाने घटते : निम्मी हवी तर फोटो चौपट, पाव हवी तर सोळापट. ‘अजून किती वेळ?’ या घरगुती प्रश्नाला इतके नेमके उत्तर दुसऱ्या कुठल्याही छंदात नाही. ते मोठ्याने देऊ नये, एवढेच. आणि शेजारच्या गॅलरीतला रात्रभर जळणारा बल्ब कोणत्याच गणितात बसत नाही. त्यासाठी शेजाऱ्यांशी गोड बोलावे लागते. ड्रेपर-कॉमनला ही विद्या शिकायची वेळ आली नव्हती.