धान निघेपर्यंत

पुण्यात नोकरी करणारा भाचा गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या वडशाला आला की त्याचं एकच पालुपद असतं, "मामा, तिकडे कोथिंबीर दहा मिनिटांत दारात येते!" आमच्याकडे सांभार, म्हणजे तीच कोथिंबीर, आणायला गेलेला माणूस दहा मिनिटांत परतला, तर बाजारात भांडण तर झालं नाही ना, अशी शंका घरच्यांना येते.

किराणा बदलतोय खरा. पूर्वी दुकानदार सामान काढून देई. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या ‘पिग्ली विग्ली’नं गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन त्यालाच फळ्यांमधून फिरवलं. आपल्याकडे डीमार्टनं २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान थाटलं. आता ब्लिंकिट आणि झेप्टोच्या गोदामांत सामान पुन्हा दुसराच कुणी काढतो. शंभर वर्षं फिरून गाडी पहिल्याच फलाटावर. फरक एवढाच, की काढून देणारा तुमच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी करत नाही.

वडशातही क्यूआर कोड आला, बोलणारा डबा आला. किती रुपयांचं सामान नेलं, हे पूर्वी शेठ आणि गिऱ्हाईक दोघांतच राही. आता डबा ते रस्त्यापर्यंत ऐकवतो. उधारीवर मात्र तो गप्प बसतो. एवढा पोच त्याला आहे.

आणि उधारी तर इथला पाया. तेल-मीठ रोज लागतं, पण हलकं धान दिवाळीच्या आसपास निघतं, भारी त्याच्याही नंतर. मधल्या महिन्यांत पैसा यायचा कुठून? त्यात मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा हंगाम. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशात, नाटकं गावोगावी, तीही पहाटेपर्यंत. ज्या गावात नाटक, तिथं घरोघरी पाहुणे, म्हणजे साखर-चहापत्ती दुप्पट. हा हिशेब कुठल्याही ॲपच्या आधी शेठला कळतो. मंडईच्या आधीच त्याच्या दुकानात पोती उतरलेली असतात. त्यामुळे किराणा दुकान संपणार, हे भाकीत मला तरी पटत नाही. ते मोबाइलमध्ये शिरेल, हे मात्र पटतं.

एका शेठच्या मुलानं लाल खातेवही मोबाइलमध्ये चढवलीच. त्या मोबाइलनं ऐन भादव्यात सगळ्या उधारीवाल्यांना संदेश धाडले: बाकी त्वरित भरा. दुसऱ्या दिवशी एक म्हातारबुवा दुकानात हजर.

"शेठ, हे कोन मांगून रायलं जी? तुमीच त म्हनलं होतं, धान चुरू द्या."

शेठनं आधी मुलाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.

"मोबाइल हाय जी तो. त्याले कुठं बांध्या हायेत?"