डेन्व्हरचा हौद

कढीलिंब तोडता तोडता काकूंनी कुंपणावरून हाक मारली, तेव्हाच ओळखलं की आज आमच्या आमटीला उशीर होणार. सहा महिने मुलाकडं डेन्व्हरला राहून त्या परवाच सांगलीला परतल्या होत्या.

"काकू, बारीक झालात हो!"

"होईन नाही तर काय! ह्यांनी तिकडं हौद दुरुस्त केला आणि राबले मी."

"अमेरिकेत हौद?"

"हॉट टब गं. घर घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर आंदण आलेला. मागच्या अंगणात, बाहेरून फळ्या ठोकलेला, वर गादीएवढं जाड झाकण. चारशे गॅलन पाणी मावतं, म्हणजे आपली हजार लिटरची टाकी दीड वेळा ओत. चाळीस अंशांपर्यंत तापवतात, त्याच्या वर नाही. बाहेर एप्रिलात बर्फ पडतोय आणि पोरं आत बसलीत गळ्यापर्यंत, आमटीतल्या शेवग्याच्या शेंगांसारखी."

"म्हणजे जकुझीच की."

"जकुझी हे आडनाव आहे, ठाऊक आहे का तुला? मलाही ह्यांनीच सांगितलं, रोज एकदा. इटलीहून आलेले सात भाऊ. कॅलिफोर्नियात आधी विमानाचे पंखे करायचे, मग विहिरींचे पंप. त्यातल्या एका भावाचा मुलगा लहानपणापासून सांधेदुखीनं बेजार. त्याला घरच्या टबात शेक मिळावा म्हणून बापानं पाण्यात ठेवायचा पंप केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकुझीनं टबाच्या भिंतीतच पाण्याच्या धारा बसवल्या."

"म्हणजे मळ्यातल्या मोटारीचं भावंडच!"

"हे अगदी असंच म्हणाले, आणि तिथंच घात झाला. अख्खा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस. हौद गळतोय म्हटल्यावर बाह्याच सरसावल्या."

काकूंनी कढीलिंबाची जुडी कुंपणावर ठेवली. म्हणजे आता खरी गोष्ट.

"रोज दोन बोटं पाणी कमी व्हायचं. मुलाचं म्हणणं, वाफ होऊन जातंय. हे म्हणाले, झाकणाखालून एवढी वाफ? आधी वीज तोड. तिकडं घरात १२० व्होल्ट, पण हौदाला २४०. मेन ब्रेकर पाडल्याशिवाय ह्यांनी फळीला हात लावू दिला नाही, तेवढं एक बरं. मग पातळीवर चिकटपट्टी लावली आणि बसले वाट बघत. पाणी उतरत उतरत एका जागी थांबलं, धारांच्या खालच्या रांगेशी. हे म्हणाले, भोक ह्याच उंचीवर. त्याच्या खाली असतं तर पाणी थांबलंच नसतं."

"वा! मग लगेच सापडलं?"

"कुठलं! फळी काढली तर आत सगळा पिवळा फोम. ऊब राहावी म्हणून ठासून भरलेला. मोटारीच्या कोपऱ्यात चिंब ओला. मुलानं तिथल्याच सांध्याला सिलिकॉन फासलं. दुसऱ्या दिवशी दुधावरच्या सायीसारखं निघून आलं. आणि सांधा कोरडा ठणठणीत! अगं, पाण्याचं आणि बातमीचं सारखंच. फुटतं एकीकडं, ओल दिसते दुसरीकडं. तळाला उतार होता, पाणी त्या कोपऱ्यात येऊन जमत होतं."

बातमीचं बोलताना काकूंनी कोपऱ्यावरच्या बंगल्याकडं का बघितलं, ते मी विचारलं नाही. तो विषय उद्याचा.

"मग ह्यांनी माझा जिलबीचा रंग मागितला. इथनं नेलेली डबी! मोटार बंद, पाणी निवांत. प्रत्येक धारेच्या तोंडाशी एकेक थेंब सोडला. बाकीच्या ठिकाणी रंग तिथंच घुटमळला, तिसऱ्या तोंडाशी मात्र दोऱ्यासारखा सरळ आत ओढला गेला. त्याच्या मागचा फोम कोरायचा होता. चाकू नको म्हणाले, पाइपालाच लागेल. म्हणून माझं उलथनं घेतलं! दोन दिवस हा माणूस उताणा पडून फोम खरवडत होता आणि मी बॅटरी धरून उभी."

"आणि निघालं काय?"

"जोडावर केसाएवढी चीर. आधीच्या मालकानं थंडीत हौद रिकामा केला, पण पाइपात पाणी राहिलं. गोठलं की पाणी नऊ टक्के फुगतं. पाइपानं जायचं कुठं? तडकला."

"तेवढा तुकडा बदलायचा की."

"त्यातही रामायण. ह्यांनी टेप लावली, बाहेरून दोन इंच आणि वर तीन सूत. तसला जोड दुकानात कुणाकडं असणार? दोन हेलपाटे झाले, तेव्हा एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं, बाबा, हाच दोन इंची पाइप, नाव दोनचं असलं तरी बाहेरून एवढाच भरतो. मग करवतीनं कापला, कडा घासल्या, पुसून कोरडा केला, जोड नुसता बसवून बघितला. जांभळं प्रायमर, त्यावर सोल्यूशन, पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरला. प्रायमर सांडलं बनियनवर. ते बघ."

दोरीवरच्या बनियनवर खरंच जांभूळ फुटल्यासारखा डाग होता.

"मुलगा म्हणाला, लगेच भरू या. हे म्हणाले, चोवीस तास हात लावायचा नाही. भरल्यावरही दोन दिवस फळी उघडीच ठेवली. टिपूस नाही!"

"मग काका बसले की नाही त्यात?"

काकूंनी मागं घराकडं बघून घेतलं आणि आवाज उतरवला.

"सुनेसमोर चड्डीवर कसं बसायचं? नको नकोच चाललेलं. एका रात्री मला जाग आली, तर शेजारी हे नाहीत. खिडकीतनं बघितलं, बाहेर बर्फ भुरभुरतोय आणि हे हौदात. डोक्याला माकडटोपी, हातात बॅटरी. म्हटलं, चला, सुख घेतायत बिचारे. शाल घेऊन गेले तर काय! बॅटरी चिकटपट्टीवर धरलेली. मला म्हणतात, अगं, गंमत बघ, पाणी कमी व्हायचं सोडून तीन बोटं वाढलंय!"

"मग?"

"म्हटलं, तुम्ही बाहेर या, उतरेल."