आधी मान कुणाचा?

पन्हाळ्यावर गोल्फचं मैदान नाही आणि होण्याचा संभवही नाही. गोल्फच्या नियमपुस्तकाप्रमाणे खड्डा १०८ मिलिमीटर व्यासाचा आणि निदान १०१.६ मिलिमीटर खोल लागतो, आणि असे अठरा खणावे लागतात. इकडे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरला परवानगी हवी. खणायचं म्हटलं तर बोलायलाच नको. त्यात जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे. चार इंची अठरा खड्ड्यांची फाईल आज पुरातत्त्व खात्यात शिरली, तर अर्ज करणाऱ्या बाईंची नात पहिला फटका मारेल. तोही मंजुरी अठराचीच आली तर. नऊचीच आली तर पुन्हा अर्ज.

तरीही महिलांच्या आंतरक्लब सांघिक गोल्फचे नियम वाचायला पन्हाळ्याइतकी योग्य जागा नाही. बाहेर धुकं दाटलेलं, हातात पिठलं-भाकरीची थाळी आणि समोर ते पुस्तक. पहिल्या काही पानांतच वाचणाऱ्या मराठी बाईच्या लक्षात येतं की हे सगळं ओळखीचं आहे. खड्डा म्हणजे गोट्यांची गल. आणि प्रत्येक खड्ड्यावर पहिला फटका कुणी मारायचा, या हक्काला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘मान’. मागचा खड्डा जिंकला त्याला पुढच्या खड्ड्याचा मान. लग्नात आधी ओटी कुणाची भरायची यावर तीन पिढ्या अबोला धरलेल्या घरांना हा खेळ शिकवावा लागणार नाही.

मानाचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब मांडून टाकू. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी कारभार हाती घेतला, औरंगजेबाला त्याच्या मरणापर्यंत सात वर्षं झुंजवलं आणि पुढे पन्हाळ्याला आपली राजधानी केली. स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ क्लबाची स्थापना १७५४ ची. बाईला सभासद करून घ्यावं की नाही, यावर या क्लबाने मतदान घेतलं ते सप्टेंबर २०१४ मध्ये. पन्हाळ्यावर बाई राज्य चालवून तीनशे वर्षं उलटली, तेव्हा तिकडे बाईला चहाच्या खोलीत बसू द्यायचं ठरलं. म्युअरफिल्डचा क्लब आणखी भारी. त्याच्या तर नावातच ‘माननीय’ आहे. २०१६ च्या मतदानात दोन तृतीयांश मतं पडली नाहीत म्हणून बाया बाहेरच राहिल्या. मग ‘ओपन’ स्पर्धा या मैदानावर होणार नाही असं जाहीर झालं, आणि २०१७ मध्ये त्याच माननीय सभासदांना समतेचा साक्षात्कार झाला.

आपल्याकडे ही अडवणूक वेगळ्या रंगाची होती. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून मुंबईत १९१८ साली दोघांना चालेल असा विलिंग्डन क्लब निघाला. थोडक्यात काय, या खेळात चेंडू खड्ड्यात घालण्यापेक्षा माणूस दारातून आत घालणं अवघड.

१८९३ मध्ये इंग्लंडातल्या काही बायकांनी स्वतःची संघटना काढायचं मनावर घेतलं. त्यांच्यातल्या ब्लँच मार्टिनने होरेस हचिन्सनचा सल्ला विचारला. हचिन्सन साधा माणूस नव्हे, १८८६ आणि १८८७ असा लागोपाठ दोनदा हौशी विजेता. त्याने उत्तर धाडलं त्याचा मथितार्थ असा, की या भानगडीत पडू नका. बायकांनी एकत्र येऊन एखादी योजना आजवर तडीस नेलेली नाही आणि पुढेही नेता येणार नाही. बायकांनी पत्र वाचलं आणि एप्रिलमध्ये संघटना स्थापन केली. जूनमध्ये पहिली स्पर्धासुद्धा उरकली. लेडी मार्गारेट स्कॉट जिंकली, आणि अंतिम सामन्यात हरली ती इसेट पीअर्सन, म्हणजे संघटनेची चिटणीसच. चिटणीसबाईंनी स्वतःच भरवलेल्या स्पर्धेत हरून दाखवावं, हे आपल्याकडच्या क्रीडा संघटनांनी भिंतीवर फ्रेम करून लावावं असं उदाहरण आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या कुठल्याही बचत गटात होरेसरावांचं ते पत्र वाचून दाखवलं, तर बाया हसतील आणि वहीत आजचा हप्ता लिहून घेतील.

याच पीअर्सनबाईंनी एक काम केलं ज्यावर आजच्या आंतरक्लब स्पर्धा उभ्या आहेत. वेगवेगळ्या क्लबांच्या बायकांना एकाच मापाने हँडिकॅप देण्याची पद्धत त्यांनी बसवली. हँडिकॅप म्हणजे काय, हे समजावायला इंग्रजांना तक्ते लागतात. मराठीत दोन शब्द पुरतात: कच्चं लिंबू. लपाछपीत धाकट्या भावंडाला आउट होऊनही राज्य द्यावं लागत नाही, तसंच हे. फरक इतकाच की आपलं लिंबू किती कच्चं ते मोठी ताई ठरवते, तर गोल्फमध्ये शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांवरून दशांश चिन्हासकट ठरतं. कमाल कच्चेपणा ५४.०. आता जिथे कच्चेपणाला सवलत मिळते तिथे मुद्दाम कच्चं राहणारेही निघतात. एरवी चेंडू सुतासारखा सरळ नेणारी बाई कार्ड भरायच्या फेरीत नेमकी झाडीत शिरते आणि आंतरक्लब सामन्याच्या दिवशी झाडी तिला दिसतही नाही. म्हणून बहुतेक स्पर्धांच्या अटींत अमुक तारखेचाच हँडिकॅप धरावा, असं कलम असतं. दारिद्र्यरेषेच्या दाखल्यालाही तारीख असते, ती अशाच कारणाने.

त्यानंतरचं कलम असतं खेळाडू नेमकी कुठल्या क्लबाची याचं. दोन-दोन क्लबांच्या सभासद असलेल्या बायका असतात. त्यांनी हंगामात एकाच क्लबाकडून उतरावं, अशी अट सर्रास असते. कोल्हापूरच्या माणसाला या अटीचं नवल वाटणार नाही. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या पोराची नोंदणी यंदा कुठल्या तालमीच्या नावावर झाली, यावर हंगामाआधीच पेठापेठांत रान उठतं. गोल्फवाल्यांनी हंगाम संपताना एखादा सामना शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा ठेवावा. टाळ्या हळू वाजवण्याचा त्यांचा शिष्टाचार पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकला तरी पुष्कळ.

संघाची यादी कर्णधाराने आधी द्यावी आणि नंतर तीत बदल करू नये, असाही नियम बहुतेक ठिकाणी दिसतो. तो का असतो, ते पन्हाळ्याने १७१४ मध्ये पाहिलं. ताराबाईंच्या सवतीने, राजसबाईंनी, ऐन डावात कर्णधार बदलून आपल्या मुलाला गादीवर बसवलं; ताराबाई आणि त्यांचा मुलगा याच गडावर कैदेत पडले. पंच कुणी नव्हता.

पंच असूनही काय होतं, ते मात्र महिलांच्या सर्वांत मोठ्या सांघिक स्पर्धेत, युरोप विरुद्ध अमेरिका या सॉल्हाइम चषकात, पाहावं. वर्ष २०००, स्कॉटलंडचं लॉख लोमंड. स्वीडनच्या अनिका सोरेनस्टमने तेराव्या खड्ड्यावर हिरवळीबाहेरून चेंडू उडवला आणि तो थेट आत गेला. युरोपच्या गोटात जल्लोष. मग अमेरिकनांनी अंतरं ताडून पाहिली, आणि निघालं की केली रॉबिन्सचा चेंडू जास्त लांब होता. लांबचा आधी खेळतो, म्हणजे पाळी अनिकाची नव्हती. नियमाप्रमाणे प्रतिस्पर्धी असा फटका रद्द करायला सांगू शकतो. त्यांनी सांगितलं. अनिकाने पुन्हा मारला, या वेळी चेंडू आत गेला नाही, आणि जगातली अव्वल दर्जाची खेळाडू मैदानावर रडली. फटका आत जाईपर्यंत पाळीची कुणाला आठवण झाली नव्हती, हे विशेष. विटीदांडूत याला रडीचा डाव म्हणतात. चषक मात्र युरोपनेच नेला, साडेचौदा विरुद्ध साडेअकरा.

२०२१ मध्ये ओहायोत वेगळीच तऱ्हा. नेली कोर्डाचा चेंडू खड्ड्याच्या काठावर येऊन थांबला. स्वीडनच्या मॅडलीन सॅगस्ट्रॉमने शिष्टाचार म्हणून तो उचलून नेलीला परत दिला. पण काठावर लोंबकळणाऱ्या चेंडूला आत पडायला दहा सेकंद द्यावी लागतात, आणि ती संपण्याआधीच मॅडलीनचा हात पुढे गेला होता. पंचांनी खड्डा अमेरिकेला दिला आणि अमेरिकेने तो सामना त्या एका खड्ड्यानेच जिंकला. दुसऱ्याची वस्तू उचलून देणं हे संस्कार म्हणून ठीक. गोल्फमध्ये त्याआधी मनात दहापर्यंत आकडे म्हणायचे.

पण खरी मौज ‘दिला’ या शब्दाची. समोरच्याचा चेंडू खड्ड्यापासून वीतभर राहिला, तर ‘राहू दे, झालाच समज’ म्हणून तो देऊन टाकता येतो. त्याला खेळून दाखवावं लागत नाही. २०१५, जर्मनीतलं सांक्ट लिओन-रोट. अमेरिकेची अॅलिसन ली, वय वीस, सतराव्या खड्ड्यावर. तिचा चेंडू सुमारे दीड फुटावर थांबला. युरोपची चार्ली हल पुढे निघाली होती. ‘दिला’ असं कानावर आल्यासारखं लीला वाटलं, तिने चेंडू उचलला. हलची जोडीदार सुझॅन पेटरसन म्हणाली, आम्ही दिलाच नव्हता. खड्डा युरोपला, पाठोपाठ सामनाही युरोपला. रडारड दोन्हीकडे झाली. युरोप दहा-सहाने पुढे होता. अमेरिकन बायका जेवून आल्या त्या डोळ्यांत अंगार घेऊन, आणि एकेरीचे सामने साडेआठ-साडेतीन असे मारून चषक घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर माफी मागितली. दीड फुटाचा हिशेब चोख ठेवला आणि चषक गेला. पुढे २०१९ मध्ये याच पेटरसनने अगदी शेवटचा चेंडू आत घालून चषक युरोपला परत मिळवून दिला आणि तिथल्या तिथे निवृत्ती जाहीर केली.

बाकी नियम चालताचालता पाहण्यासारखे. एका खेळाडूला काठ्या चौदाच. पंधरावी सापडली की दंड. दुसऱ्या खेळाडूची काठी उसनी घ्यायची नाही, म्हणजे विरजणापुरतंही शेजारी जायची सोय नाही. सल्ल्याला तर सक्त मनाई. आपली जोडीदार आणि कॅडी सोडून कुणाला सल्ला देता येत नाही. ‘तू आत्ता कुठली काठी मारलीस गं?’ एवढं प्रतिस्पर्ध्याला विचारलं तरी गुन्हा. सांघिक स्पर्धेत फार तर एखाद-दुसरा सल्लागार नेमता येतो. एखाद-दुसराच! पन्हाळ्याच्या वाटेवर गाडी मागे घेताना जिथे सहा काका आणि दोन कंडक्टर हात हलवत मार्गदर्शन करतात, तिथे हा नियम अमानुष ठरेल.

पोशाखाबद्दल मूळ नियमपुस्तक गप्प आहे. तो कळवळा आयोजकांचा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला गोल्फ संघटनेने फतवा काढला: गळा खोल नको, स्कर्ट अमुक इतका हवाच, मोडलं तर हजार डॉलर दंड. नऊवारीवर त्यांचा एक शब्द नाही. कासोटा घालून मारलेल्या फटक्याला हरकत घ्यायची तर आधी त्यांना तो नेसायला शिकावा लागेल.

आणि हवामान. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. आषाढातल्या पन्हाळ्यावर तीन मिनिटांत गडाचा तीन दरवाजाही सापडत नाही. दुरुस्तीखालच्या जमिनीत चेंडू गेला तर दंड न होता बाजूला घेता येतो. जुलै २०२१ मध्ये गडाचा रस्ताच खचला तेव्हा गावाला अशी बाजू कुठे मिळाली? धोकादायक प्राण्यांपासूनही फुकट सुटका आहे. नियमात विषारी साप, मधमाश्या, मगर, मुंग्या, अस्वल अशी उदाहरणं आहेत. गव्याचं नाव नाही. ते गव्याला कुणी सांगायचं, हा प्रश्न समितीकडे.

‘दिला’च्या नियमाला आणखी एक शेपूट आहे. एकदा दिलं की दिलं. देणाऱ्याला परत घेता येत नाही, आणि घेणाऱ्यालाही ‘नको’ म्हणता येत नाही. हे कलम मराठी बायकांच्या चौकडीत चालवून पाहायला हवं. गडावर भाकरी संपलेली, दह्याची मडकी रिकामी, ठेच्याने नाक वाहतंय आणि बिल सांगून झालंय. चौघी एकदम उठतात. ‘मी देते.’ ‘छे, मागच्या वेळी तूच दिलेस.’ ‘अगं, ठेव ती पर्स.’ एक दुसरीचा हात धरते, तिसरी नोट मावशींच्या हातात कोंबते, चौथी ती काढून घेते आणि आपली पुढे करते. चुलीजवळ बसलेल्या मावशी हे रोज पाहतात. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला, सगळ्यांत जवळच्या हातातली नोट घेतली, सुटे परत दिले, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी परातीत पीठ ओढलं.