पान विरुद्ध पुरचुंडी

महसूल खात्यात ३६ वर्षे कारकुनी करून मी जे काही शिकलो त्याचे सार एवढेच, की ज्या दाव्यातील दोन्ही पक्ष एकाच घरात राहतात त्या दाव्याचा निकाल देऊ नये; तारीख द्यावी. तथापि ज्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या रक्तातील साखरेचा ताळेबंद पाहून आल्याच्या, दुधाच्या, दोन चमचे साखरेच्या चहाला कायमची मनाई फर्मावली आणि त्याच्या जागी 'ग्रीन टी' नामक फिकट हिरव्या पाण्याची नेमणूक केली, त्या दिवसापासून आमच्या घरात सुटे पान श्रेष्ठ की दोऱ्याची पुरचुंडी श्रेष्ठ असा वाद उपस्थित झाला, आणि दोन्ही पक्षांनी एकमताने मलाच पंच नेमले. (त्यांचे एकमत झाल्याचा हा पहिलाच दाखला.)

वादी सूनबाई. कांगडा खोऱ्यातील सुटे पान तिने पालमपूरहून मागविले होते, आणि आपल्या कैफियतीच्या पुष्ट्यर्थ तिने थेट चीनच्या मिंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाचे फर्मान हजर केले. या होंगवू सम्राटाने १३९१ साली चहाच्या दाबून केलेल्या वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पानेच हुजुरात रुजू करावीत असा हुकूम काढला. हेतू हा, की वड्या पाडण्याचे रयतेचे कष्ट वाचावेत. त्यावर प्रतिवादी सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला : "त्या सम्राटाची गाळणी कोण घाशीत होतं?" प्रश्न समर्पक असल्यामुळे दप्तरी नोंदविण्यात आला.

पुरचुंडी बुडवावी, काढावी, टाकून द्यावी. चोथा नाही, मोरी तुंबणे नाही, हे सौभाग्यवतींचे म्हणणे. येथे सत्याला स्मरून नमूद करणे भाग आहे, की आमच्या घरात एका उपयोगानंतर पुरचुंडी टाकून दिल्याचे उदाहरण नाही. ती चमच्याभोवती दोरा गुंडाळून पिळली जाते आणि मग खिडकीतल्या तारेवर, माझ्या मोज्यांशेजारी, चिमटा लावून वाळत पडते.

माझा स्वतःचा कल, प्रांजळपणे सांगायचे तर, पुरचुंडीकडेच होता. पेशवे दफ्तरातील कागद जसे रुमालात बांधलेले, तसाच हा चहाचा इवलासा रुमाल : वर दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर ठळक नाव, आणि आत काय आहे हे पाहण्याची कोणास गरज नाही. कारकुनाच्या अंतःकरणाला याहून प्रिय ते काय असणार! परंतु चौकशी म्हटली की रुमाल सोडावाच लागतो. मी कात्रीने एक पुरचुंडी उसवून वर्तमानपत्रावर पालथी केली. तपकिरीकडे झुकलेली हिरवट भुकटी पडली, बोटाला चिकटली. संबंध कड असलेले पान त्यात औषधालाही नव्हते. वाळवी लागलेला रुमाल सोडल्यावर जे हाती येते, तेच हे.

मग काचेच्या पेल्यात सूनबाईने कांगड्याची चिमूटभर पाने टाकून, उकळी फुटण्याआधीच, अदमासे ८० अंशांवर उतरविलेले पाणी ओतले. सुकल्या कढीलिंबासारखी ती पिळवटलेली पाने क्षणभर तरंगली, एकेक करून तळाशी निघाली, आणि त्यांतील एकाने दोन पाने व मधली कळी अशी आपली मूळची ठेवण सावकाश उघडून दाखविली. असा साक्षीदार मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. "न उकळलेलं पाणी म्हणजे अंघोळीचं पाणी," असा हरकतीचा मुद्दा काढून सौभाग्यवतींनी दुसरा पेला खळखळत्या पाण्याने करविला. हिरव्या पानाला उकळते पाणी सोसत नाही, सबब तो गुळवेलीच्या काढ्याइतका कडू झाला. "आता काहीतरी औषधी लागतंय," त्या समाधानाने म्हणाल्या.

चिरंजीवांनी मोबाइलवरून उशिरा पुरावा दाखल केला, की कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ सालच्या तपासणीत एका प्लॅस्टिकच्या पुरचुंडीतून ९५ अंशांच्या पाण्यात सुमारे १,१६० कोटी सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले. आरोप प्लॅस्टिकच्या पुरचुंड्यांपुरताच आहे, कागदीवर नाही, हे मी बजावले. पण १,१६० कोटी हा आकडा ऐकल्यावर पुढचे कोण ऐकतो?

सौभाग्यवती दोन दिवस मौनात होत्या. तिसऱ्या दिवशी माझे पूजेचे जुने धोतर नाहीसे झाले, आणि त्याच्या शिवलेल्या बोटभर पुरचुंड्यांत कांगड्याचे महागडे पान भरलेले डब्यात दिसले. अमेरिकेतील मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन व मेरी मॅक्लारेन या दोघींनी, एका पेल्यासाठी किटलीभर चहा वाया जातो म्हणून, सुती जाळीच्या अशाच पिशवीची सनद १९०३ साली मिळविली होती. नाव मात्र झाले १९०८ साली रेशमी पिशव्यांतून नमुने धाडणाऱ्या न्यूयॉर्कच्या टॉमस सलिव्हन या व्यापाऱ्याचे. आमच्या घरी या तिघांचीही नावे कोणास ठाऊक नव्हती.

काल दुपारी माझ्या पेल्यात एक पुरचुंडी सोडण्यात आली. रंग काही उतरेना, म्हणून चष्मा लावून तिची चिठ्ठी पाहिली. तीवर परवाची तारीख होती. ती खोडून सकाळची, आणि सकाळची खोडून दुपारची घातलेली होती.