माहीम आलं की फोन कर

विमानाची चाकं जमिनीला टेकतात न टेकतात, तोच ‘मुंबईत आपलं स्वागत आहे’ अशी घोषणा होते. ही घोषणा जरा घाईची आहे. कारण मला जायचं असतं गिरगावात, मावशीकडे, आणि गिरगाव तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. खुद्द विमानतळाशेजारचा पार्लेकर दक्षिणेकडे निघाला की ‘टाऊनला जाऊन येतो’ म्हणतो. म्हणजे मी उतरतो तिथली माणसंच मुंबई अजून पुढे आहे असं मानतात. प्रत्येक शहराचं हे वेगळं असतं. पुणेकर पुण्यातच राहून ‘गावात’ जातो, आम्ही नागपूरकर ‘बर्डीवर’ जातो. पण आमच्या सोनेगावच्या विमानतळावरून बर्डी म्हणजे गप्पांना सुरुवात होईपर्यंत येतेच. मुंबईत गप्पा संपतात, पाणी संपतं, माहीम काही येत नाही.

बाहेर पडलो की नावांच्या पाट्या धरून माणसं उभी असतात. आपल्याला न्यायला कुणी आलेलं नाही हे पक्कं ठाऊक असूनही मी त्या सगळ्या पाट्या वाचतो. एकदा माझ्याच आडनावाची पाटी दिसली, तेव्हा दोन पावलं तिकडे पडलीही. पाटी दुसऱ्याच कुणाची होती. पाठोपाठ ‘टॅक्सी साहेब?’ अशी कुजबुज. ज्या हळू आवाजात आमच्याकडे स्थळाची चौकशी करतात, तोच आवाज.

आता जायचं कसं, यावर आमच्या घराण्यात एकमत नाही. मेव्हण्यांचा मोबाइलवरून मागवलेल्या गाडीवर विश्वास. एका मामांना रिक्षा स्वस्त वाटते. त्यांना दर वेळी सांगावं लागतं, की रिक्षा वांद्र्यापर्यंतच. पुढे तिला मज्जाव. मावशीचा शब्द मात्र लोकलवर. “पार्ल्याला स्लो पकड,” असं म्हणून ती फोनवर स्टेशनं म्हणायला लागते, रामरक्षा म्हणावी तशी, एका सुरात. त्यात एल्फिन्स्टन येतंच. 2018 मध्ये त्याचं प्रभादेवी झालं, हे सांगायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

यातलं काहीही धरलं, तरी खरी वेस माहीमची. एके काळी तिथली खाडी होडीनं पार करावी लागे. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले आणि 1845 मध्ये तिथे कॉजवे झाला. टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. आज टॅक्सीत बसून टोलनाक्यांवर पाकीट उघडताना त्या बाईंना हात जोडावेसे वाटतात. लहानपणी मुंबईला आलो, की मी ही वाट नाकानं ओळखायचो. पार्ल्याला भाजलेल्या बिस्किटांचा वास, मग बराच वेळ नुसता धूर, आणि माहीमला खाडीचा दर्प. तो आला की मावशी नाकाला पदर लावून म्हणायची, “चला, आलो एकदाचे!” बिस्किटांचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला. खाडीनं आपलं काम सोडलेलं नाही.

या खेपेला मात्र मी कुणाचंच ऐकलं नाही आणि भुयारी मेट्रो धरली. 2025 च्या ऑक्टोबरपासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, आणि वाटेत चक्क ‘गिरगाव’ नावाचं स्टेशन आहे. बॅग आणि संत्रा बर्फीचा डबा सांभाळत खाली उतरलो, तो उतरतच राहिलो. गाडी थंडगार, चकचकीत. सिग्नल नाही, खड्डा नाही, ‘थोडं सरकून घ्या’ नाही. बाहेर बघावं तर काचेत माझाच चेहरा, त्यामागे अंधार. वांद्रे-कुर्ला संकुल गेलं, धारावी आली. या दोहोंच्या मध्ये मिठी नदी आहे, आणि ती आमच्या डोक्यावरून गेली. मी सवयीनं नाक सावध केलं होतं. काही आलं नाही. समोरच्या बाईंना वाटलं मला सर्दी झालीय. त्या जरा लांब सरकल्या.

पाऊण तासाच्या आत गिरगाव. जमिनीवर आलो तेव्हा मला मुंबईत यायला अजून तासभर तरी हवा होता. टॅक्सीत तेवढ्या वेळात मी नागपूरचा आरामशीरपणा उतरवून ठेवतो, रस्ता ओलांडायची तयारी करतो. इथे तसाच्या तसा फुटपाथवर उगवलो आणि भर गर्दीत थबकलो. मागून तीन माणसं येऊन आदळली. तिसरा ‘काका!’ एवढंच म्हणाला, पण त्यात सगळं आलं.

चाळीचे दोन जिने चढून बघतो, तर मावशीच्या दाराला कुलूप. बॅगेवर बसलो. शेजारच्यांनी पाणी दिलं आणि ‘इतक्या लवकर?’ असं अशा स्वरात विचारलं, की मीच ओशाळलो.

फोन वाजला. मागे बाजाराचा कालवा.

“कुठवर आलास रे?”

“मावशी, मी—”

“बोलू नको, गर्दीत मोबाइल मारतील. मी जरा कोलंबी बघतेय. तू माहीम आलं की फोन कर, मग येऊन भात लावते.”

“माहीम खालून गेलं, मावशी.”

“खालून?” ती थांबली. कोळणीला म्हणाली, “दे गं, ह्यातलीच दे.” मग मला म्हणाली, “बरं, पार्ल्याहून स्लोच पकडलीस ना?”